अस्थींची साक्ष

यमुनेच्या पूर्वतीरावरील नोएडा हे नगर 1976 साली वसविण्यात आले. तेथून दिल्ली ओलांडून वायव्येस सुमारे 150 किलोमीटर गेले, की हरियाणातील हिसार जिल्ह्यात राखीगढी हे खेडे लागते. या खेड्याच्या टेकाडांखाली सिंधुसंस्कृतीचे एक विशाल शहर गाडले गेले आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी डॉ. वसंत शिंदे यांच्या नेतृत्वाखाली तेथील दफनभूमीचे उत्खनन केले, तेव्हा साडेचार हजार वर्षांपूर्वीची माणसे पुन्हा उजेडात आली. त्यांची नावे कोणास ठाऊक नाहीत. त्यांची लिपी अद्याप वाचता आलेली नाही. मग जिथे अक्षरे मुकी आहेत, तिथे अस्थी बोलतील काय? आणि बोलल्या, तर त्यांची साक्ष कोठवर ग्राह्य धरावी?

हा प्रश्न प्रथम उभा राहिला तो इजिप्तमधील ममींच्या बाबतीत. एकोणिसाव्या शतकात लंडनमध्ये तिकिटे लावून ममींची वस्त्रे सोडविण्याचे प्रयोग होत. त्यात ज्ञानापेक्षा कुतूहलच अधिक भागे, आणि देहाची नासाडी होई ती वेगळीच. 1895 मध्ये राँटगेनने क्ष-किरणांचा शोध लावला आणि पुढच्याच वर्षी जर्मनीत एका ममीचे क्ष-किरण छायाचित्र निघाले. वस्त्राला हात न लावता आत पाहण्याची सोय झाली. तरीही 1925 साली तुतनखामेनचा देह तपासताना तो राळेने शवपेटिकेस घट्ट चिकटलेला आढळला, आणि तो सोडविताना त्याचे तुकडे करावे लागले. याउलट पहिल्या आमेनहोतेपची ममी आधुनिक काळात कधीच उघडली गेली नव्हती. 2021 साली सीटी स्कॅनच्या साहाय्याने तिचा जो अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात राजाचे मृत्युसमयीचे वय सुमारे 35 वर्षे असल्याचे आणि वस्त्रांत 30 ताईत व अलंकार असल्याचे दिसून आले. एक धागाही उसवावा लागला नाही.

क्ष-किरणांनी वय कळते, मोडलेले हाड कळते, किडलेला दात कळतो; वंशाचा धागा मात्र कळत नाही. त्यासाठी पेशींतील डीएनए हवा, आणि उष्णता ही त्याची वैरीण. अबुसिर अल-मेलेक येथील 151 ममींचा अभ्यास 2017 साली प्रसिद्ध झाला. त्यांपैकी 90 जणांचा मातृवंश कळला. परंतु संपूर्ण जनुकसंचाचा विस्तृत वेध अवघ्या तिघांच्या बाबतीत घेता आला. मसाल्यांनी देह टिकला, पण त्यातील लेख बहुतांशी पुसला गेला होता.

राखीगढीला तर मसालेही नव्हते. होती ती केवळ माती, पावसाळा आणि उन्हाळा. 61 नमुने तपासण्यात आले. अंतःकर्णाभोवतीचे हाड शरीरात सर्वांत घट्ट असते. म्हणून मुख्यतः त्याचीच पूड घेण्यात आली. इतक्या खटाटोपानंतर यश आले ते एकाच सांगाड्यात, आणि तो एका स्त्रीचा होता. 2019 च्या सप्टेंबरात तिची साक्ष जगापुढे आली. प्राचीन इराणी लोकांशी नाते सांगणारा एक वंश आणि दक्षिण व आग्नेय आशियातील प्राचीन शिकाऱ्यांशी नाते सांगणारा दुसरा, असे मिश्रण तिच्यात आढळले. मध्य आशियाच्या गवताळ प्रदेशातील पशुपालकांचा अंश मात्र आढळला नाही. शिवाय तिच्यातील इराणसंबंधी शाखा तिकडे शेती सुरू होण्यापूर्वीच वेगळी झालेली होती.

ही वार्ता येताच वादाला तोंड फुटले. आर्य बाहेरून आलेच नाहीत, असा निष्कर्ष काहींनी काढला. पण त्याच वेळी प्रसिद्ध झालेल्या, 500 हून अधिक प्राचीन व्यक्तींवर आधारलेल्या दुसऱ्या अभ्यासाने असे दाखविले, की गवताळ प्रदेशातील तो अंश इसवी सनापूर्वी 2000 ते 1500 च्या सुमारास, म्हणजे या स्त्रीच्या कितीतरी पिढ्यांनंतर, भारतीय उपखंडात आला. दोन्ही साक्षी परस्परविरोधी नाहीत. त्या दोन काळांच्या आहेत. ती स्त्री आपल्या पूर्वजांविषयी सांगते. आपल्यानंतर कोण आले, हे ती कसे सांगणार? आणि ती कोणती भाषा बोलत होती, हे तर कोणतेच हाड सांगत नाही.

राखीगढीच्याच दोन कवट्यांचे सीटी स्कॅन करून डेक्कन कॉलेजच्या आणि दक्षिण कोरियाच्या संशोधकांनी त्यांचे चेहरे घडविले. ते पाहताना मन थरारते. परंतु तेथेही कपाळ आणि जबडा हाडाने सांगितलेला, तर ओठ आणि कान अनुमानाने घडलेले, हा भेद विसरून चालत नाही.

2025 साली इजिप्तच्या नुवैरात येथील एका पुरुषाचा संपूर्ण जनुकसंच वाचण्यात आला. तो राखीगढीच्या स्त्रीचा जवळजवळ समकालीन. मडक्यात घालून पुरलेला, श्रमाने झिजलेल्या सांध्यांचा. त्याच्या वंशाचा सुमारे पाचवा हिस्सा मेसोपोटेमियाच्या बाजूचा निघाला. दोन महान संस्कृतींच्या वतीने अशी एकेक सामान्य व्यक्ती आज साक्षीला उभी आहे. राजांनी आपली नावे दगडांत कोरली. या दोघांनी काहीच लिहून ठेवले नाही. म्हणूनच त्यांच्या तोंडी आपल्याला हवे ते शब्द घालण्याचा मोह टाळणे, हेच त्यांच्या ऋणातून उतराई होणे होय.