छंदाचा गळ आणि पोटाचे जाळे

मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून द्या असा आग्रह झाला, तेव्हा मी प्रथम नकारच दिला. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. स्वयंपाक, भरतकाम, आरोग्य ह्या विषयांवर माझ्यापेक्षा चांगले लिहिणाऱ्या भगिनी मंडळात आहेत. परंतु इतिहास वाचण्याची गोडी मला लहानपणापासून आहे आणि मुलगी पुस्तके आणून देते, मोबाइलवर सापडलेलेही वाचून दाखविते. त्या वाचनातून जे जमले ते आपणापुढे ठेवीत आहे. विषय मासेमारीचा आहे. ज्यांच्या घरी मासे शिजत नाहीत त्या भगिनींनी नाक मुरडून पान उलटू नये एवढीच विनंती. एकाची करमणूक आणि दुसऱ्याचे पोट एकाच पाण्यावर कसे उभे असते, ते मला सांगावयाचे आहे.

आपल्या ढाणकीहून हिमायतनगरकडे जाताना पैनगंगा ओलांडावी लागते. सुटीच्या दिवशी तेथे काही हौशी तरुण रीळ लावलेल्या काठ्या घेऊन बसलेले दिसतात. थोड्या अंतरावर एखादा भोई गुडघाभर पाण्यात उभा राहून जाळे फेकीत असतो. लांबून पाहणाऱ्यास दोघे एकच काम करीत आहेत असे वाटते. हौशी माणसास दिवसभरात मासा मिळाला नाही, तर तो हसत घरी जातो, वारा तरी चांगला होता असे म्हणतो, आणि घरात जेवण तयारच असते. भोई रिकाम्या हाताने परतला, तर त्याच्या घरी दुसऱ्या दिवशीच्या तेलामिठाचा प्रश्न उभा राहतो. पाण्याजवळ न दिसणारा हा फरक चुलीजवळ दिसतो. तो किती जुना आहे हे पाहू गेल्यास थेट बाराव्या शतकापर्यंत जावे लागते.

कल्याणीच्या चालुक्य घराण्यात सोमेश्वर तिसरा नावाचा राजा होऊन गेला. कल्याणी म्हणजे आजच्या कर्नाटकातील बिदर जिल्ह्यातले बसवकल्याण. आपल्या पैनगंगेपलीकडचा नांदेडकडील मुलूखही तेव्हा चालुक्यांच्याच राज्यात होता. ह्या राजाने 1129 च्या सुमारास ‘मानसोल्लास’ नावाचा मोठा संस्कृत ग्रंथ रचला. राज्यकारभार, वैद्यक, स्वयंपाक, अलंकार, संगीत असे सारे विषय त्यात आहेत. महाराष्ट्रातील स्त्रिया कांडताना ओवी गातात, अशीही नोंद त्याच ग्रंथात आहे. म्हणजे नऊशे वर्षांपूर्वी आपल्या पणज्यांच्या मुसळाचा आवाज राजवाड्यापर्यंत गेला होता म्हणावयाचे!

ह्याच ग्रंथात राजाच्या करमणुकींमध्ये ‘मत्स्यविनोद’ असा एक भाग आहे. माशांच्या सुमारे 35 जाती, कोणता मासा कोठे राहतो, त्यास काय खाऊ घालावे, गळास कोणते आमिष लावावे, दोरी आणि काठी कशी असावी, हे सर्व त्यात सांगितले आहे. 1951 साली डॉ. सुंदरलाल होरा ह्या भारतीय प्राणिशास्त्रज्ञांनी त्यावर इंग्रजीत लेख लिहिला, तेव्हा विद्वानांचे लक्ष त्याकडे वेधले गेले. विलायतेत गळाने मासे धरण्यावरचे पहिले छापील पुस्तक 1496 चे समजतात, आणि परंपरेने ते ज्यूलियाना बर्नर्स नावाच्या एका जोगिणीच्या नावावर सांगतात. आपला ‘मत्स्यविनोद’ त्याच्याही साडेतीनशे वर्षे आधीचा आहे.

अभिमान वाटावा अशीच ही गोष्ट आहे. परंतु वाचताना माझ्या मनात एक प्रश्न आला. कोणता मासा कोणत्या खाण्यावर येतो, हे राजास कोणी सांगितले असेल? सिंहासनावर बसून हे कळत नाही. जे पिढ्यान्‌पिढ्या पाण्यात उभे राहिले त्यांनाच ते ठाऊक असणार. ग्रंथावर नाव राजाचे आहे, त्यातले पाण्याचे ज्ञान मात्र मला कोळ्या-भोयांचेच वाटते. छंदाचा इतिहास लिहिला गेला आणि धंद्याचा लिहावयाचा राहिला, तो असा.

आपल्या वऱ्हाडात नदीकाठी भोई आहेत, पूर्वेकडे भंडारा-चांद्याकडे ढिवर आहेत. जुन्या काळी ह्या लोकांचा धंदा एकटा मासेमारीचा नव्हता. पालखी आणि मेणे वाहणे, घरोघर पाणी भरणे, होडीने माणसे पैलतीरी नेणे, तलावात शिंगाडे लावणे, फुटाणे भाजणे अशी कितीतरी कामे ते करीत. उपवासाला आपण शिंगाड्याचे पीठ आणतो, त्यामागेही ह्याच लोकांचे गळ्यापर्यंत पाण्यात उभे राहणे आहे. पुढे मोटारी आल्या आणि मेणे गेले. नळ आले आणि पाणक्याचे काम संपले. पूल झाले आणि होडी काठाला लागली. प्रत्येक सुधारणेने आपणांस सुख दिले, परंतु त्यांच्या हातचे एकेक काम काढून घेतले. शेवटी जाळे तेवढे उरले. म्हणून जाळ्यावर आज त्यांचा जेवढा भार आहे, तेवढा पूर्वी कधी नव्हता.

1853 साली वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली गेले आणि पैनगंगा ही दोन राज्यांची सीमा झाली. अलीकडे इंग्रजी अंमल व पलीकडे निजामाचा, हे 1947-48 पर्यंत चालले. इंग्रज साहेबांना गळाचा छंद फार. हेन्री टॉमस नावाच्या मद्रासकडील अधिकाऱ्याने भारतातील गळाच्या मासेमारीवर 1873 साली एक जाडजूड पुस्तक लिहिले. साहेबांचा आवडता मासा म्हणजे महसीर, कारण तो गळास लागला की जोराने झुंज देतो. भोयास मात्र झुंज नको असते. मासा जितका लवकर टोपलीत येईल तितका बरा.

त्याही आधी कर्नल साईक्स नावाच्या अधिकाऱ्याने दख्खनच्या नद्यांतील मासे तपासून 1839 साली त्यांची वर्णने प्रसिद्ध केली. त्याने पुष्कळ माशांना शास्त्रीय नावे येथल्या बोलीतूनच दिली. दख्खनच्या महसीरला जगभरचे शास्त्रज्ञ आजही ‘खुद्री’ म्हणतात, दुसऱ्या एकास ‘नुक्ता’ म्हणतात. ही नावे साहेबास सांगणारी माणसे काठावरचीच असली पाहिजेत. त्यांचा शब्द शास्त्रात अमर झाला, त्यांचे स्वतःचे नाव मात्र कोठे नाही. राजाच्या ग्रंथाप्रमाणेच हेही झाले.

1897 साली मासेमारीचा कायदा झाला. पाण्यात सुरुंग उडवून किंवा विष कालवून मासे मारण्यास त्याने बंदी केली, ती अगदी योग्यच होती. पोटासाठी नदीवर जाणाऱ्यास उद्याही त्याच डोहावर यावयाचे असते, म्हणून विषाने सर्वांत मोठे नुकसान त्याचेच होते. ठरावीक पाण्यात जाळ्याची वीण किती असावी, मासेमारी कधी बंद ठेवावी, ह्याचेही नियम करण्याचा अधिकार ह्या कायद्याने सरकारला दिला. नियम वाईट नव्हेत. परंतु महिनाभर मासेमारी बंद म्हटल्यावर हौशी मनुष्य दुसरी करमणूक शोधतो, भोई मात्र उसनवारी शोधतो. समुद्रावर आजही 1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींना बंदी असते. ती माशांच्या विणीसाठी आवश्यक आहे, तरी त्या दोन महिन्यांची झळ कोळणींच्या चुलीलाच लागते.

स्वराज्य आल्यावर मालगुजारी गेली. आपल्या वऱ्हाडात मालगुजारी नव्हती. ती नागपूर, भंडारा, चांदा ह्या बाजूस होती. तेथील कोहळी समाजाने जुन्या काळी बांधलेले हजारो तलाव मालगुजारांच्या हाती होते. 1950 च्या कायद्याने ते सरकारजमा झाले. पुढे मच्छीमारांच्या सहकारी संस्था निघाल्या आणि तलाव त्यांस ठेक्याने मिळू लागले. ही मोठी गोष्ट झाली, कारण जे लोक मालगुजाराच्या मर्जीने जाळे टाकीत, ते आता संस्थेचे सभासद म्हणून टाकू लागले.

परंतु तलाव मिळाला तरी त्यात सोडावयास बीज हवे. रोहू, कटला, मृगळ हे मासे वाहत्या नदीत पुराच्या वेळी अंडी घालतात, साठलेल्या तळ्यात घालीत नाहीत. म्हणून त्यांची पिल्ले बंगालकडील नद्यांतून गोळा करून आगगाडीने दूरदूर पाठवीत. वाटेत कितीतरी मरत. 10 जुलै 1957 रोजी ओरिसात अंगुल येथे डॉ. हिरालाल चौधरी यांनी माशांस टोचून तळ्यातच अंडी घालविण्याचा प्रयोग यशस्वी केला. तेव्हापासून बीज जवळपास तयार होऊ लागले. बाजारात आपण जो रोहू-कटला घेतो, तो बहुतेक त्या टोचणीचाच वंशज असतो. 10 जुलै हा दिवस आता देशात मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळतात.

छंदाने काही चांगले केलेच नाही असे मी म्हणणार नाही, तो अन्याय होईल. मुंबईच्या पवई तलावावर गळ टाकणाऱ्या हौशी लोकांची संघटना आहे. लोणावळ्यास टाटांच्या वळवण तलावाजवळ महसीरची पैदास करण्याचे केंद्र निघाले; 1970 च्या सुमारास डॉ. सी. व्ही. कुलकर्णी यांनी तेथे ह्या माशाची कृत्रिम पैदास करून दाखविली. नाहीसा होत चाललेला मासा त्यामुळे पुष्कळ ठिकाणी पुन्हा सोडता आला. परंतु हाच दख्खनचा महसीर दक्षिणेत कावेरीत सोडला गेला आणि तेथला मूळचा वशिंडाचा महसीर मागे हटला. 2018 साली त्याची नोंद अत्यंत धोक्यातील जातींत झाली. हेतू चांगला असला तरी नदीत काही सोडण्यापूर्वी नदी जाणणाऱ्यांस विचारावे, हा धडा त्यातून घेण्यासारखा आहे.

असे विचारण्याचे फळ काय मिळते, तेही आपल्या विदर्भातच पाहावयास मिळाले. भंडारा-गोंदियाकडे तलावांत बेशरमाची झाडे माजली, तळाची जुनी पाणवनस्पती गेली आणि देशी मासे कमी झाले. तेव्हा भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने ढिवर समाजाच्या जाणत्या माणसांकडून माहिती घेतली आणि गावोगावच्या लोकांनी बेशरम उपटून जुनी झाडे तळ्यात पुन्हा लावली. ह्या कामात ढिवर स्त्रिया मोठ्या संख्येने उतरल्या. जे ज्ञान राजाच्या आणि साहेबाच्या पुस्तकात बिननावाने गेले होते, ते येथे त्याच लोकांच्या तळ्याच्या कामी आले.

ह्या धंद्यातील स्त्रीचा भाग आपण भगिनींनी तरी विसरू नये. जाळे पुरुषाचे असले तरी पाटी बाईचीच असते. मासे निवडणे, बर्फात ठेवणे, डोक्यावरून बाजारात नेणे, भाव सांभाळणे आणि आलेल्या पैशात घर चालविणे हे सारे तीच करते. आठवडी बाजारात मी जिच्याकडून मासे घेते, ती सांगते की मरळ टोपलीतही पुष्कळ वेळ जिवंत राहते म्हणून तिला भाव टिकतो, बाकीच्या माशांचा भाव मात्र उन्हाबरोबर उतरत जातो. पाच रुपयांसाठी घासाघीस करणारी गिऱ्हाईक संध्याकाळची वाट पाहत उभी राहते, हेही ती जाणून असते.

आपली पैनगंगा आता पूर्वीसारखी बारमाही उरली नाही. वर इसापूरचे धरण झाले, त्यामुळे शेतीस पाणी मिळाले. परंतु उन्हाळ्यात खालच्या गावांना नदीत पाणी सोडण्यासाठी मागणी करावी लागते. धरणाची भिंत आडवी असल्यावर पुराबरोबर वर चढून अंडी घालणाऱ्या माशांची वाटही अडते. अशा आटत्या नदीवर छंद आणि पोट दोन्ही येऊन बसले, म्हणजे आधी जागा कोणास द्यावयाची हे समजुतीने ठरवावे लागते.

म्हणून माझ्या भगिनींस तीन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. आपल्या घरची मुले हौसेने नदीवर जात असतील तर त्यांना अवश्य जाऊ द्यावे, नदीकाठी बसणे ही चांगलीच सवय आहे; परंतु जेथे भोयाचे जाळे आहे तेथून दूर बसावे, लहान मासा पाण्यात परत सोडावा आणि तुटलेली नायलॉनची दोरी काठावर टाकू नये, कारण तीत पक्षी व गुरांचे पाय अडकतात. पाण्यात औषध किंवा स्फोटक टाकण्याची गोष्ट कोणी थट्टेनेही काढली, तर त्यास तेथेच दटावावे. आणि पुढील वर्षी आपल्या मंडळाने नदीकाठच्या एखाद्या वृद्ध भोईणीस बोलावून तिच्याकडून माशांची, डोहांची आणि जुन्या होड्यांची माहिती ऐकावी. एखादीने ती लिहून घ्यावी आणि पुढच्या स्मरणिकेत छापावी. वर नाव मात्र त्या भोईणीचे घालावे.