छोट्या मोटारींचा मोठा शोध
संच, डिकल आणि रंग कोठे व कसे मिळवावेत?

रहिमतपूर - मुंबईत शेवटची प्रीमियर पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेली आणि वीस वर्षांची कायदेशीर मुदत संपताच ३० ऑक्टोबर २०२३ पासून ही काळी-पिवळी गाडी शहराच्या रस्त्यांवरून कायमची उतरली. दादरला उतरून याच गाडीने चाळीतील खोली गाठणाऱ्या सातारा-सांगलीकडील कितीतरी कुटुंबांच्या आठवणी तिच्याशी निगडित आहेत. अशा गाडीची हुबेहूब लहान प्रतिकृती स्वतःच्या हाताने घडवून कपाटात ठेवावी, असे अनेकांना वाटते. मात्र प्रत्यक्ष कामाला लागल्यावर पहिलाच प्रश्न उभा राहतो, तो म्हणजे सामान आणायचे कोठून? जपानी आणि अमेरिकी गाड्यांचे शेकडो संच जगभर विकले जातात. आपल्या रस्त्यावरच्या गाड्यांचे संच मात्र सहसा कोणी काढत नाही. कोरेगाव तालुक्यातील रहिमतपूरसारख्या गावात बसून हा छंद करावयाचा असेल, तर काय गावात मिळते, कशासाठी पुणे-मुंबई गाठावी लागते आणि काय टपालानेच येते, याचा हा आढावा.

खेळणे वेगळे, प्रतिकृती वेगळी

दुकानात मिळणारी धातूची वा प्लास्टिकची तयार मोटार हे खेळणे होय. दिल्लीच्या 'सेंटी' कंपनीने ॲम्बेसेडर, रिक्षा अशा देशी वाहनांची खेळणी घरोघर पोहोचवली. त्यांत ओळख पटते, पण मोजमाप काटेकोर असेलच असे नाही. त्याआधीच्या पिढीने 'डिंकी'च्या इंग्रजी साच्यांतून कोलकात्यात ओतलेल्या 'निकी'च्या मोटारी हाताळल्या आहेत. प्रतिकृतीचा संच याहून निराळा असतो. त्यात पॉलिस्टायरीन या प्लास्टिकचे सुटे भाग चौकटीला जोडलेले असतात. ते कापून, घासून, रंगवून आणि चिकटवून मोटार उभी करावयाची असते.

या उद्योगाची पायाभरणी अमेरिकेत झाली. १९४८ मध्ये स्थापन झालेली 'एएमटी' ही कंपनी आरंभी मोटार विक्रेत्यांच्या दालनासाठी नमुने बनवीत असे. १९५८ पासून तिने जुळणीचे संच काढले. पुढे जपानने आघाडी घेतली. शिझुओका हे शहर व त्याचा परिसर या धंद्याचे माहेरघर ठरला. तामिया, आओशिमा, फुजिमी आणि हासेगावा या चारही कंपन्या तेथल्याच.

प्रमाण आधी ठरवा

संच घेण्यापूर्वी प्रमाण ठरवणे आवश्यक आहे, कारण पुढची सर्व खरेदी त्यावर अवलंबून असते. जपानी व युरोपीय मोटारींचे संच बहुधा १/२४ प्रमाणात, तर अमेरिकी संच १/२५ प्रमाणात असतात. तयार धातूच्या संग्राह्य मोटारी १/४३ प्रमाणात विपुल मिळतात. रेल्वेच्या प्रतिकृतींसोबत लागणारी वाहने १/८७ प्रमाणात असतात. पुण्यात कर्वे रस्त्यावरील जोशी यांचे लघुरेल्वे संग्रहालय, जे १९९८ मध्ये खुले झाले, ते याच प्रमाणात उभारलेले आहे. लहान आकारातही रंगकाम किती नेटके होऊ शकते, हे पाहण्यासाठी हौशी मंडळींनी तेथे एक फेरी जरूर मारावी.

पद्मिनीची लांबी सुमारे ३.९ मीटर. १/२४ प्रमाणात ती सुमारे १६ सेंटिमीटर, १/४३ मध्ये ९ सेंटिमीटर आणि १/८७ मध्ये अवघी साडेचार सेंटिमीटर भरते. अकरा मीटर लांबीची एस.टी. बस धरली तर १/२४ मध्ये ती जवळपास ४६ सेंटिमीटर होते. मध्यमवर्गीय घरातील कपाटाचा कप्पा मोजूनच प्रमाण निवडणे शहाणपणाचे.

संचाची वाट

आपल्याला जवळच्या वाटाव्यात अशा काही गाड्या परदेशी संचांत सापडतात. महिंद्र कंपनीने १९४७ पासून मुंबईत जुळणी सुरू केलेल्या विलीज जीपची युद्धकालीन आवृत्ती तामियाने १/३५ आणि इतालेरीने १/२४ प्रमाणात दिली आहे. फोक्सवागन बीटल, मॉरिस मिनी कूपर आणि फियाट ५०० या गाड्या तामियाच्या १/२४ मालिकेत आहेत. जिम्नीचे संच हासेगावा व आओशिमा या दोन्ही कंपन्यांनी काढले. त्यांपैकी आओशिमाचा १/३२ प्रमाणातील संच गोंद न लावता दाबून बसवावयाचा आणि रंगीत प्लास्टिकचा असल्याने नवशिक्याला सोयीचा आहे.

हे संच मिळवण्याचे मार्ग तीन. पहिला, मोठ्या शहरांतील छंदसाहित्याची मोजकी दुकाने. दुसरा, देशातच साठा ठेवून इंटरनेटवरून विक्री करणारे व्यापारी. तिसरा, परदेशातून थेट मागवणे. तिसऱ्या मार्गावर किमतीचा हिशेब आधी करावा. लहान प्रमाणातील करमणुकीच्या प्रतिकृती सीमाशुल्काच्या वर्गीकरणात खेळण्यांच्याच शीर्षकाखाली, म्हणजे ९५०३ मध्ये मोडतात. या शीर्षकावरील मूळ आयातशुल्क फेब्रुवारी २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० टक्के आणि २०२३ च्या अर्थसंकल्पात ७० टक्के करण्यात आले. वस्तू व सेवा कर आणि वाहतूक वेगळी. जपानातील छापील किमतीपेक्षा येथील किंमत दुपटीच्या घरात का जाते, याचे उत्तर यात आहे.

याखेरीज १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांसाठी गुणवत्ता नियंत्रण आदेश लागू आहे. चौदा वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांवर भारतीय मानक ब्युरोचे चिन्ह त्यामुळे बंधनकारक झाले. देशी कारखानदारीला बळ देणे आणि निकृष्ट माल रोखणे हा यामागचा उद्देश समजण्यासारखा आहे. परंतु जे संच येथे बनतच नाहीत, त्यांच्या चाहत्यालाही या धोरणाची झळ बसते. म्हणून देशातील विक्रेत्याकडे साठा असेल तर तोच आधी पाहावा. जुना, उघडलेला संच घेताना भागांच्या चौकटी, पारदर्शक काचा, टायर आणि डिकलचा कागद यांची छायाचित्रे मागावीत. एखादी काच नसेल, तर ती नंतर मिळणे जवळजवळ अशक्य असते.

ज्याचा संच नाही, त्याचे काय?

वालचंद हिराचंद यांनी स्थापन केलेल्या प्रीमियर कंपनीने कुर्ल्याच्या कारखान्यात १९६४ पासून 'फियाट ११०० डिलाइट' बनवली. तीच पुढे पद्मिनी झाली. तिच्या इटालियन भावंडाच्या १/४३ प्रमाणातील धातूच्या प्रतिकृती युरोपातील संग्राहकांच्या बाजारात मिळतात. अशी एखादी मोटार घेऊन, जुना रंग काढून, बंपर, दिवे व टपावरील सामानाची जाळी बदलून टॅक्सी करणे हा एक मार्ग.

दुसरा मार्ग सर्व काही स्वतः घडवण्याचा. तो आपल्याकडे नवा नाही. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) मार्गावर पहिली एस.टी. धावली. त्या लाल गाडीवर जीव असलेले अनेक तरुण आज पुठ्ठा, कार्डशीट आणि सनबोर्ड कापून तिच्या प्रतिकृती करतात. यासाठी लागणारे सामान रहिमतपूर वा कोरेगावच्या स्टेशनरी दुकानात मिळू शकते. पुण्यात अप्पा बळवंत चौक आणि मुंबईत अब्दुल रहमान स्ट्रीट येथे कागद व कलासाहित्याची निवड मोठी. लहान ड्रिल, कानस, चिमटे आणि पॉलिश पेपरसाठी पुण्याची बोहरी आळी किंवा मुंबईची नागदेवी स्ट्रीट गाठावी. पॉलिश पेपर ४०० पासून २००० क्रमांकापर्यंतचा, पाण्यात चालणारा घ्यावा. तो मात्र गावातल्या गॅरेजच्या पेंटरकडेही मिळतो.

रंग : येथेच पैसा बुडतो

या छंदातील सर्वाधिक नुकसान चुकीच्या रंगाने होते. प्रतिकृतीचे रंग ढोबळमानाने तीन प्रकारचे. ॲक्रिलिक रंग पाण्याने वा अल्कोहोलने पातळ होतात व वास कमी असतो; तामियाची 'एक्स' व 'एक्सएफ' मालिका आणि स्पेनचे व्हॅलेहो रंग या गटातील. एनॅमल तेलकट, सावकाश वाळणारे. ब्रिटनच्या 'हम्ब्रोल'च्या लहान डब्या त्यासाठी प्रसिद्ध. लॅकर झटपट वाळते, मोटारीला हवी तशी चकाकी देते, पण वाफा उग्र असतात. 'मिस्टर कलर' आणि तामियाची 'एलपी' मालिका व 'टीएस' फवारे हे त्याचे नमुने. तामियाचे 'पीएस' फवारे रिमोटवर धावणाऱ्या मोटारींच्या पारदर्शक कवचासाठी असतात; संचाच्या प्लास्टिकवर ते मारू नयेत.

रंगाच्या बाटल्या व फवारे ज्वलनशील असल्याने विमानाने पाठवण्यावर निर्बंध आहेत. त्यामुळे संच चार दिवसांत आला तरी रंग रस्त्याने, सावकाश येतो. दोन्हींची मागणी एकाच वेळी नोंदवून रंगाची वाट पाहण्याची तयारी ठेवावी.

गावात काय चालते? चित्रकलेचे ॲक्रिलिक रंग सहज मिळतात. १९३१ मध्ये दिगंबर परशुराम दांडेकर यांनी सुरू केलेल्या आणि आज कोकुयो कॅमलिन म्हणून ओळखल्या जाणाऱ्या कंपनीचे रंग शाळेपासून परिचित आहेत. आतील आसने, चाके, टायर यांसाठी ते ब्रशने उत्तम बसतात. बाहेरच्या चकचकीत पत्र्याचा भास मात्र त्यांतून होत नाही. त्यासाठी मोटारीच्या 'टच-अप'चे फवारे वापरता येतात. मात्र त्यांतील आणि हार्डवेअर दुकानातील एनसी थिनरमधील द्रावके पॉलिस्टायरीन वितळवतात. आधी प्रायमरचे हलके हात द्यावेत आणि रंगही दुरून, पातळ थरांत मारावा. एकाच जाड हातात हजारो रुपयांच्या संचाचा पत्रा सुरकुतलेला पाहावा लागतो. एनॅमलवर लॅकर मारल्यास खालचा थर उचलला जातो. उलट क्रम चालतो.

पूर्वी रंगाची चाचणी प्लास्टिकच्या चमच्यावर करीत. १ जुलै २०२२ पासून असे चमचे देशभर बंद झाले. संचाच्या उरलेल्या चौकटीवर चाचणी घेणे अधिक चांगले, कारण प्लास्टिक तेच असते.

काळ्या-पिवळ्या टॅक्सीसाठी क्रम महत्त्वाचा. पिवळा रंग झाकण्यास दुबळा असतो, म्हणून पांढऱ्या प्रायमरवर प्रथम पिवळा द्यावा. तो पूर्ण वाळल्यावर टप मास्किंग टेपने झाकून मग काळा मारावा. पावसाळ्यात दमट हवेत लॅकर दुधाळ पडते. अशा दिवशी रंगकाम टाळावे.

डिकल : पाण्यात सुटणारी अक्षरे

पाट्या, पट्टे व बोधचिन्हे यांसाठी पाण्यात सुटणारे डिकल वापरतात. पृष्ठभाग चकचकीत असावा, म्हणजे कडा दिसत नाहीत. डिकल कापून कोमट पाण्यात अर्धा मिनिट ठेवावा, कागदावरून सरकवत जागेवर आणावा आणि ओल्या ब्रशने हवा काढावी. 'मिस्टर मार्क सेटर' किंवा 'मायक्रो सेट' पकड वाढवते. 'मिस्टर मार्क सॉफ्टर' किंवा 'मायक्रो सोल' डिकल मऊ करून उंचसखल भागावर बसवते. रात्रभर वाळवून वर पारदर्शक थर द्यावा. जुना पिवळा पडलेला डिकल खिडकीच्या काचेला आतून चिकटवून काही दिवस उन्हात ठेवल्यास बराच उजळतो. तो तुटण्याची भीती असल्यास वापरण्यापूर्वी त्यावर पारदर्शक फवारा द्यावा.

मराठी अक्षरांचा वा 'एमएच-११' पाटीचा तयार डिकल मिळणार नाही. तो घरीच करावा लागतो. संगणकावर मजकूर मांडून डिकलच्या कोऱ्या कागदावर छापावा. कागद मागवताना लेझर की इंकजेट हे पाहून घ्यावे. चुकीचा कागद झेरॉक्स केंद्राच्या यंत्रात वितळला तर भुर्दंड आपल्यालाच. इंकजेटची छपाई पाण्यात विरघळते, म्हणून आधी पारदर्शक फवाऱ्याचे दोन-तीन हात अनिवार्य. घरगुती प्रिंटर पांढरा रंग छापत नाही. फिकट अक्षरे हवी असल्यास पांढऱ्या पायाचा कागद घ्यावा.

मापाचे उदाहरण असे. ५०० मिलिमीटर लांब व १२० मिलिमीटर उंच पाटी १/२४ प्रमाणात सुमारे २१ बाय ५ मिलिमीटर होते. पाटीचा रंगही काळानुसार ठरवावा. शतकाच्या सुरुवातीला नियम बदलेपर्यंत खासगी गाडीची पाटी काळ्यावर पांढरी आणि टॅक्सीची पांढऱ्यावर काळी होती. त्यानंतर खासगीची पांढऱ्यावर काळी व टॅक्सीची पिवळ्यावर काळी झाली. १९८५ च्या टॅक्सीला पिवळी पाटी लावली, तर जाणकाराची नजर प्रथम तेथेच जाते.

नवोदितांसाठी

- पहिला संच स्वस्त व कमी भागांचा घ्यावा. आवडत्या गाडीवर पहिला हात चालवू नये.
- कटर, चिमटा, पॉलिश पेपर, पातळ गोंद, प्रायमर, दोन रंग आणि एक पारदर्शक फवारा एवढ्यावर आरंभ होतो. एअरब्रश व कॉम्प्रेसरची घाई नको.
- लॅकर व थिनरचे काम गच्चीवर किंवा उघड्या खिडकीजवळ, वाफा रोखणारा मुखवटा लावूनच करावे. साधा कापडी मास्क वाफा अडवत नाही. जवळ शेगडी, उदबत्ती वा देवघरातील समई पेटती नसावी.
- जुन्या गाडीची छायाचित्रे आताच काढून ठेवावीत. समोरून, मागून, दोन्ही बाजूंनी आणि आतून. शेजारी मोजपट्टी धरून.

यांतील शेवटची सूचना सर्वांत निकडीची. संच उद्या मिळेल, रंग परवा येईल. परंतु एखाद्या वाड्याच्या पडवीत धूळ खात उभी असलेली पद्मिनी भंगारात गेली, की तिच्या दिव्याची गोलाई आणि दाराच्या मुठीचे माप सांगणारे काही उरत नाही. प्रतिकृतीचे काम त्या गाडीशेजारी टेप घेऊन उभे राहण्यापासून सुरू होते, आणि त्यासाठी पुण्या-मुंबईला जावे लागत नाही.