रुग्णसेवेतील संवादाचे महत्त्व

औषध व मलमपट्टी यांइतकाच परिचारिकेचा रुग्णाशी होणारा संवाद हाही उपचाराचा भाग आहे. प्रौढ रुग्ण आपल्या शरीराविषयीचे निर्णय स्वतः घेत असतो. त्यामुळे त्याला सांगितलेले नीट समजणे आणि त्याचे म्हणणे नीट ऐकले जाणे, या दोहोंवर त्याची सुरक्षितता अवलंबून असते.

फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी ‘नोट्स ऑन नर्सिंग’ (१८५९) या ग्रंथात, रुग्णाला मान वळवावी लागणार नाही अशा जागी बसून बोलावे, असे सुचविले आहे. पोकळ धीर देण्यासही त्यांचा विरोध होता.

रुग्णाने मान डोलावली म्हणजे त्याला समजले असे नव्हे. संकोचामुळे अनेक जण ‘हो’ म्हणतात. म्हणून ‘समजले का?’ असे न विचारता ‘घरी गेल्यावर ही गोळी कशी घ्याल, ते सांगा’ असे विचारावे. उत्तर चुकल्यास दोष न देता सोप्या शब्दांत पुन्हा समजवावे.

मधुमेहाचे उदाहरण घेऊ. इन्सुलिन घेऊन जेवण टाळल्यास रक्तातील साखर धोकादायकरीत्या उतरते. घाम येतो, हातपाय थरथरतात, प्रसंगी शुद्ध हरपते. राखेच्या बुधवारी किंवा गुड फ्रायडेला उपवास करण्याचे रुग्णाने मनाशी ठरविले असेल आणि त्याला कोणी तसे विचारलेच नाही, तर अचूक लिहिलेली चिठ्ठीही निरुपयोगी ठरते. वास्तविक ख्रिस्तसभेचा हा नियम १८ ते ५९ वर्षे वयाच्या श्रद्धावंतांसाठी आहे व आजाऱ्यांना त्यातून सूट आहे.

भाषेचाही प्रश्न असतो. वसईतील अनेक वृद्ध सामवेदी वा वाडवळी बोलीतच मोकळे होतात; परिचारिका मात्र केरळमधून आलेली असू शकते. अशा वेळी घरच्यांनी दुभाषी व्हावे, परंतु रुग्णाच्या वतीने परस्पर उत्तरे देऊ नयेत. चालू औषधांची यादी जवळ ठेवावी आणि शंका निःसंकोच विचाराव्यात.

प्रभू येशूने आंधळ्या बार्तिमयाला बरे करण्यापूर्वी त्याची इच्छा विचारली (मार्क १०:५१). त्याचे आंधळेपण सर्वांना दिसत होते, तरीही प्रभूने विचारले. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९२ साली जाहीर केलेला जागतिक रुग्ण दिन दरवर्षी ११ फेब्रुवारीस साजरा होतो. त्या दिवशी आजाऱ्यांसाठी प्रार्थना करताना, त्यांच्याजवळ बसून त्यांचे म्हणणे शांतपणे ऐकण्याचा निश्चयही आपण करावा, असे आम्हांस वाटते.