पेटीतला पैसा कोणाचा?

श्रोतेहो, आषाढी वारीत तुकोबारायांची पालखी आपल्या इंदापूर तालुक्यात येते, तेव्हा बेलवाडीला गोल रिंगण होते. अश्व धावून गेला की वारकरी त्याच्या टापांखालची माती कपाळाला लावतात. त्या धावेवर कोणी दमडीही लावत नाही. परंतु ज्या शर्यतींवर पैसा लागतो, त्यांचाही आपल्याकडे मोठा इतिहास आहे. जुगाराचे बरेवाईट तुम्ही जाणताच. आज पाहायचे आहे ते एवढेच, की या धंद्याचा हिशेब कसा मांडतात.

मुंबईत पूर्वी शर्यती भायखळ्याला होत. १८८३ साली महालक्ष्मीचे मैदान तयार झाले. हिवाळ्यात मुंबई आणि पावसाळ्यात पुणे, असा परिपाठ पडला. १९१२ साली मुंबई सरकारने मैदानांना परवाना सक्तीचा केला आणि १९२५ साली पैजांवर कर बसवला. कर आला म्हणजे वही आली, आणि वही आली की पहिला प्रश्न येतो : यात कमाई कोणती?

पैज लावण्याच्या दोन रीती आहेत. एकीत बुकी स्वतः भाव सांगतो आणि हरला तर स्वतःच्या खिशातून देतो. दुसरी रीत टोटलायझेटरची. तिचे मूळ एकोणिसाव्या शतकातल्या पॅरिसमध्ये जोसेफ ओलेर याने काढलेल्या पद्धतीत आहे. सगळ्यांचे पैसे एका पेटीत जमतात. त्यातून सरकारचा कर आणि क्लबचा ठरलेला हिस्सा निघतो, आणि बाकीचे जिंकणाऱ्यांत वाटले जातात. कोणताही घोडा जिंको, क्लबला त्याचे सुखदुःख नाही.

हा फरक निरवांगीच्या शेतकऱ्याला चटकन कळेल. बारामतीच्या बाजारात गूळ नेला, तर अडत्या तो विकून देतो. पट्टीवरची रक्कम शेतकऱ्याची, अडत्याची फक्त अडत. उलट, व्यापाऱ्याने गूळ स्वतः विकत घेतला, तर पुढचा नफातोटा त्याचा. टोटलायझेटर चालवणारा क्लब हा अडत्या, तर बुकी हा व्यापारी. समजा, पेटीत शंभर रुपये पडले आणि क्लबचा हिस्सा दहा. तर क्लबच्या वहीत उत्पन्न दहाच. बाकीचे नव्वद इतरांचे, क्लबच्या हाती केवळ ठेव म्हणून आलेले.

गंमत पाहा. दुहेरी नोंदीची जमाखर्च पद्धत प्रथम छापून प्रसिद्ध केली ती इटलीच्या लुका पाचोली याने, १४९४ साली. त्याच ग्रंथात त्याने एक कोडे घातले : खेळ अर्धवट राहिला, तर मधे ठेवलेला पैसा कसा वाटावा? त्याचे उत्तर चुकले. बरोबर उत्तर १६५४ साली पास्कल आणि फर्मा यांनी दिले. मधल्या पैशाचा धनी कोण, हा प्रश्न इतका जुना आहे.

कॅसिनो मात्र स्वतःच खेळतो. गोव्यात १९७६ च्या जुगारविषयक कायद्यात १९९२ साली दुरुस्ती होऊन पंचतारांकित हॉटेलांत यंत्रांचा खेळ सुरू करता आला. १९९६ साली जहाजांवरच्या खेळालाही वाट मिळाली. महाराष्ट्रानेही १९७६ साली कॅसिनोचा कायदा केला होता, पण तो अमलात आणलाच नाही. कॅसिनोचे उत्पन्न म्हणजे लागलेल्या डावांतून जिंकणाऱ्यांना दिलेले वजा करून उरते ते. गिऱ्हाइकाने चिपा घेतल्या आणि खेळण्याआधीच तो जेवायला गेला, तर ती रक्कम अजून देणे आहे, कमाई नव्हे. तसेच मार्चअखेर पैसे घेतले आणि शर्यत एप्रिलमध्ये, तर ते या वर्षाचे उत्पन्न धरायचे नाही.

एवढे काटेकोर कशाला, असे कोणी म्हणेल. कारण याच प्रश्नावर मोठा वाद न्यायालयात गेला. वस्तू व सेवा कर संपूर्ण पेटीवर घ्यायचा की क्लबच्या हिश्श्यावर? कर्नाटक उच्च न्यायालयाने २०२१ साली म्हटले, हिश्श्यावरच. क्लब त्या पैशाचा क्षणभराचा विश्वस्त आहे. पण १ ऑक्टोबर २०२३ पासून कायद्यात बदल करून पूर्ण डावावर २८ टक्के कर पक्का करण्यात आला. २२ सप्टेंबर २०२५ पासून तो ४० टक्के झाला. म्हणजे कमाई पळीभर मोजायची, आणि कर मात्र हंडाभर पाहून घ्यायचा. हे योग्य की अयोग्य, यावर मतभेद राहतील. जुगार महाग व्हावा असे म्हणणारेही पुष्कळ आहेत. पण हिशेबाचे तत्त्व त्याने बदलत नाही.

शिक्षकबंधूंनो, शंभर रुपयांच्या पेटीचे हे उदाहरण मुलांना जरूर घाला. घोडे सोडून द्या, अडत्याचे घ्या, भिशीचे घ्या, दूध संस्थेचे घ्या. गावातली संस्था बुडते ती पुष्कळदा चोरीने नव्हे. हातातून जाणारा पैसा आपलाच वाटू लागतो, तिथे बुडायला सुरुवात होते. वार्षिक सभेत उलाढालीचा मोठा आकडा वाचून दाखवला, की टाळ्या जरूर वाजवा. पण त्यानंतर उठून एवढे विचारा : यातले आपले किती, आणि लोकांचे किती?