सांधा, सांदी, संधी

शाळेत संधी सोडवायची असते, नोकरीच्या जाहिरातीत ती सोडायची नसते, आणि गुडघ्यात तिला वाताने गाठलं की जिना चढवत नाही. तिन्हीकडे शब्द एकच. ‘सम्’ म्हणजे एकत्र, ‘धा’ म्हणजे ठेवणं, म्हणून संधी म्हणजे जोड. ही व्युत्पत्ती बिनचूक आहे, पण शब्दाचा संसार तिच्यावर चाललेला नाही. या शब्दाच्या पोटात जोडापेक्षा फट अधिक आहे, असं माझं मत आहे.

तैत्तिरीय उपनिषदाच्या शीक्षावल्लीत वर्ण एकमेकांजवळ कसे येतात याचा विचार आहे. तिथे आधीचा वर्ण पृथ्वी, नंतरचा द्युलोक आणि त्यांच्यातली संधी म्हणजे आकाश. सांधण्याचं काम वायूचं, आणि त्याला शब्दही वेगळा आहे, संधान. पुढे हीच मांडणी तोंडात येते: खालचा जबडा, वरचा जबडा, मधे वाणी, आणि सांधणारी जीभ. म्हणजे जोडणारा निराळा, संधी निराळी. आता कुणी म्हणेल, व्याकरणात तर फट बुजते. ‘जगत्’ आणि ‘नाथ’ घ्या. त् साठी जीभ दातांमागे टेकते, न साठीही तिथेच, त्यामुळे तिला हलायचं कारण नाही. फक्त न ची तयारी म्हणून कंठ आधीच घुमू लागतो, मऊ टाळू खाली उतरून नाकाची वाट उघडतो, आणि ‘जगन्नाथ’ होतं. हे खरंच. पण ‘हरी एतौ’ अशा द्विवचनात स्वर शेजारी येऊनही मिसळत नाहीत. पाणिनीने त्यांना प्रगृह्य म्हटलं, आणि पुढच्या वैयाकरणांनी हा न मिसळण्याचा प्रकारही संधीप्रकरणातच बसवला. मिसळणं हेच संधीचं सार असतं, तर त्याला तिथे थारा कशाला मिळाला असता?

सुश्रुताने शरीरात 210 संधी मोजले. खुब्याच्या सांध्याला त्याने नाव दिलं उलूखल, म्हणजे आपलं उखळच. वंगण घातलेल्या आसावर चाक नीट फिरतं तसे कफामुळे सांधे चालतात, असं तो म्हणतो. त्याच्या कफाचं काय ते असो, उपमा चोख आहे: कूर्चेने मढलेल्या हाडांच्या टोकांमधे खरोखरच बारीक फट असते आणि तिच्यात बुळबुळीत द्रव. कवटीचे सांधे मात्र हलत नाहीत, आणि सुश्रुत तेही मोजतो. त्यांना तो शिवण म्हणतो. आक्षेप वजनदार आहे, पण तान्ह्या बाळाची टाळू भरेपर्यंत तिथेही मोकळी जागाच असते.

मराठीने याच शब्दापासून हाडांसाठी सांधा केला आणि अडचणीच्या बोळकांडीसाठी सांदी, जी सांदीकोपऱ्यात टिकून आहे. संधी साधणारा बहुधा याच फटीतून आत आला. शूद्रकाच्या ‘मृच्छकटिका’त शर्विलक घरफोडीसाठी भिंतीला जे भोक पाडतो त्याला संधीच म्हणतात. ब्राह्मण असल्यामुळे त्याचं माप घ्यायला त्याच्याकडे जानवं असतं.