दौलताबादचा बाजार

औरंगाबाद, म्हणजे आजचें छत्रपति संभाजीनगर, सोडून वेरूळच्या वाटेला लागलेला प्रवासी नऊ-दहा मैलांवर दौलताबादेस थांबतो. किल्ल्याच्या दरवाज्यासमोर चहाचीं दुकानें आहेत, कढईंत भज्यांचा घाणा उकळत असतो आणि हंगामांत सीताफळांच्या व पेरूंच्या पाट्या रस्त्याच्या कडेला मांडलेल्या दिसतात. प्रवासी चहा घेतो, वर किल्ल्याकडे पाहतो व चढूं लागतो. आपण ज्या लहानशा गांवांत चहा घेतला, तेथें एके काळीं हिंदुस्थानांतील एक नामांकित बाजार भरत होता, हें त्याच्या ध्यानींमनींहि नसतें.

या गांवाचें जुनें नांव देवगिरि. यादवांच्या या राजधानीची संपत्ति ऐकूनच १२९६ सालीं अल्लाउद्दीन खिलजी तिच्यावर चालून आला. पुढें १३२७ च्या सुमारास महंमद तुघलकानें देवगिरीस दौलताबाद हें नांव देऊन दिल्लीची राजधानी येथें आणण्याचा घाट घातला. त्या खटाटोपाची फजिती शाळेंतील प्रत्येक मुलास ठाऊक असते. दिल्ली ओस पडली, लोक वाटेंत हाल सोसून मेले, आणि कांहीं वर्षांनीं सुलतानास पुनः दिल्ली गांठावी लागली. तेव्हां राजधानीबरोबर दौलताबादहि उजाड झालें असेल, असाच सर्वांचा समज होतो.

परंतु दिल्ली ओस पडल्याची कथा ज्यानें लिहून ठेविली, त्यानेंच या समजाविरुद्ध साक्ष दिली आहे. तो म्हणजे मोरोक्को देशांतील तांजियर शहराचा प्रवासी इब्न बतूता. तो १३३४ सालीं दिल्लीस आला, म्हणजे ती कथा त्यास ऐकूनच लिहावी लागली. १३४२ मध्यें सुलतानाचा वकील म्हणून तो चीनला जावयास निघाला, आणि त्या प्रवासवृत्तांत दौलताबादचें वर्णन आहे. सुलतान तर केव्हांच परत गेला होता. पण वर्णनांतील बाजार गजबजलेला आहे! येथील हिंदु व्यापारी जडजवाहिराचा व्यवहार करीत, त्यांना 'साह' म्हणत आणि त्यांची श्रीमंती अपार होती, असें तो सांगतो. येथील द्राक्षें व डाळिंबें त्याच्या विशेष लक्षांत राहिलीं.

त्याहून नवलाचा होता गाणाऱ्यांचा बाजार. त्याचें नांव तरबाबाद, म्हणजे आनंदाची वस्ती. प्रत्येक दुकानाला मागच्या घरांत उघडणारें एक दार असे. दुकानांत गालिचे अंथरलेले, मध्यें मोठा पाळणा, आणि त्यांत नटूनथटून बसलेली गायिका; दासी पाळण्याला झोके देत. बाजाराच्या मध्यभागीं एक प्रशस्त मंडप होता. दर गुरुवारीं तिसऱ्या प्रहरच्या नमाजानंतर गायकांचा मुख्य तेथें येऊन बसे आणि सूर्यास्तापर्यंत गाणें चाले. याच बाजारांत मशिदीहि होत्या.

दौलताबादेहून तो नंदुरबारेस गेला. त्या लहान गांवांत त्यानें मराठ्यांचें खाणेंपिणें न्याहाळलें. थोर घराण्यांतील लोक तांदूळ, भाजीपाला व तिळाचें तेल यांवर राहतात, जनावरांस इजा करणें त्यांना आवडत नाहीं आणि जेवणापूर्वीं ते स्नान करतात, असें तो नमूद करतो. परक्या मुलखांतील माणसें काय विकतात व काय जेवतात हें पाहण्याची ही हौस त्याला नसती, तर इतिहासास केवळ तुघलकाचें वेडच ठाऊक राहिलें असतें.

मग हा बाजार गेला कोठें? तो एका दिवसांत उठला नाहीं. १३४७ मध्यें दौलताबादेंतच बहामनी राज्याची स्थापना झाली, परंतु राजधानी गुलबर्ग्यास गेली. १६१० मध्यें मलिक अंबरानें जवळच खडकी हें नगर वसविलें आणि दुरून नळ बांधून तेथें पाणी आणलें. १६३३ मध्यें दौलताबादचा किल्ला मोंगलांनीं घेतला, आणि पुढें खडकीचेंच औरंगाबाद झालें. सरदार, कारकून व सराफ नव्या शहरांत राहूं लागले, आणि गिऱ्हाइकापाठोपाठ दुकानदारहि तिकडे गेले. सुलतानाच्या हुकमास जें साधलें नव्हतें, तें पाण्यानें व वर्दळीनें सहज साधलें.

तरीहि जुन्या बाजाराचा एक धागा अद्याप तुटलेला नाहीं. दौलताबादेहून खुलताबादेकडे जातांना कागजीपुरा नांवाचें खेडें लागतें. तेथें हातानें कागद करण्याचा धंदा चालत आला आहे, आणि तुघलकाबरोबर आलेल्या कारागिरांनीं तो सुरू केला, अशी तेथील परंपरा आहे. तख्त आलें आणि गेलें. कारागिराचा हात राहिला.

वेरूळच्या प्रवाशांमुळें दौलताबादच्या दरवाज्यावरून वर्दळ पुनः सुरू झाली, आणि तिच्याबरोबर चार दुकानेंहि परत आलीं. किल्ला चढण्यापूर्वीं त्या दुकानांशीं घटकाभर थांबावें. मोठ्या बाजाराचें जें कांहीं उरलें आहे, तें तेथेंच आहे.