गोळी ज्याची, साचा त्याचा

सोलापूरच्या भुईकोट किल्ल्यात फिरायला जाणाऱ्यांनी तटातली अरुंद भोके पाहिली असतील. त्यांना जंग्या म्हणतात. आत उभे राहून बंदुकीची नळी बाहेर काढायची आणि नेम धरायचा, यासाठी त्या ठेवलेल्या. लहानपणी मी जंगीला डोळा लावून बाहेर पाहत बसे. आता तिथे गेलो की वेगळाच प्रश्न पडतो. इथे उभा असलेला शिपाई बंदुकीत काय भरत होता, आणि ते कोण ठरवत होते?

‘बंदूक’ हा शब्द आपल्याकडे अरबीतून आला. ‘बुंदुक’ म्हणजे सुक्या मेव्यातले एक टणक, गोलसर फळ. त्याच्या आकारावरून तो शब्द लहान गोळीला लागला आणि पुढे ती गोळी झाडणाऱ्या हत्याराला. म्हणजे शब्दातही आधी गोळी आहे, बंदूक मागून आली.

जुन्या तोड्याच्या बंदुकीचे हेच खरे होते. तोंडातून दारू ओतायची, वर गोळी टाकायची, गजाने ठासायची, कानाशी रंजक घालायची आणि जळता तोडा टेकवायचा. या बंदुका गावोगावचे कारागीर हाताने घडवत. एकीची नळी दुसरीसारखी नसे. त्यामुळे बंदूक ज्याची, गोळीचा साचाही त्याचाच. शिसे वितळवून तो आपल्या गोळ्या आपण ओतून घेई. गोळी नळीपेक्षा किंचित लहान हवी. चार बार झाले की आत काजळी धरते आणि अंगासरशी गोळी अडकते. फार लहान घेतली तर दारूचा जोर कडेने निसटतो, नेम चुकतो.

दारूचीही निवड असे. सोरा, गंधक आणि कोळसा हे तिचे तीन जिन्नस. शंभर भागांत सोरा पंचाहत्तर, कोळसा पंधरा, गंधक दहा, हे पुढे रूढ झालेले प्रमाण. जाड दाणा तोफेला, बारीक बंदुकीला आणि सर्वांत बारीक रंजकेला. दारू सर्दली की बार फुसका. १७५७ साली पलाशीला पाऊस आला. इंग्रजांनी आपली दारू झाकली होती, नबाबाची भिजली. त्या लढाईत फितुरीइतके नाही, तरी ओल्या दारूनेही आपले काम केले.

इंग्रजी पलटणींत हा हिशेब शिपायाकडे नव्हताच. सर्वांच्या बंदुकीची नळी एकाच मापाची, सुमारे पाऊण इंच. कागदाच्या पुंगळीत मोजून भरलेली दारू आणि गोळी. हेच काडतूस. दाताने फाडायचे, ओतायचे, ठासायचे. एकाची काडतुसे संपली तर शेजाऱ्याची चालत.

मे १८१८ मध्ये जनरल मन्रोची फौज सोलापूरवर आली. गणपतराव पानसे पेशव्यांच्या बाजूने उभे होते. १० मे रोजी पेठ पडली, पाच दिवसांत किल्लाही गेला. या पराभवाची कारणे अनेक होती, ती सगळी गोळीवर लादता येणार नाहीत. पण साचा ज्याचा त्याचा असण्याचे दिवस सरत आले होते, हे खरे.

पुढच्या चाळीस वर्षांत बंदूक आणखी बदलली. एन्फील्ड रायफलीच्या नळीत आटे पाडलेले होते. गोळी लांबट, बुडाशी पोकळ. बार होताच तिचे बूड फुगून आट्यांत बसे, त्यामुळे ती दूर आणि नेमकी जाई. मात्र काजळी धरलेल्या नळीतून ती सहज उतरावी म्हणून काडतुसाच्या गोळीकडच्या टोकाला चरबीचा लेप लागे. चरबी कशाची? गाईची की डुकराची? हिंदू आणि मुसलमान, दोन्ही शिपायांनी एकच प्रश्न विचारला, कारण काडतूस तोंडात धरायचे दोघांनाही होते.

जानेवारी १८५७ संपता संपता सरकारने मुभा दिली की लेप न लावलेली काडतुसे घ्या, आणि तूप, मेण, हवे ते तुम्हीच लावा. पण तोवर उशीर झाला होता. संशय चरबीवरून कागदावर गेला. कागद चकाकतो, त्यातही काही असेल. २४ एप्रिलला मेरठला नव्वदांपैकी पंच्याऐंशी स्वारांनी काडतुसे घ्यायला नकार दिला. ती काडतुसे जुनीच, वर्षानुवर्षे वापरातली होती! त्यांना बेड्या पडल्या आणि १० मेला मेरठ पेटले. सोलापूरची पेठ पडली तीही तारीख १० मे, एकोणचाळीस वर्षांपूर्वीची.

त्या शिपायांना अडाणी, अफवांना भुलणारे म्हणणे सोपे आहे. मला तसे वाटत नाही. आपल्या हातातली वस्तू कशाची बनली आहे, हे त्यांना कोणी सांगत नव्हते, आणि सांगितले तरी विश्वास ठेवावा असे काही उरले नव्हते. साच्यात शिसे ओतून आपली गोळी आपण करणाऱ्या माणसाला तसला प्रश्न कधी पडलाच नसता.